पाण्याच्या पुढे पळताना

मार्गशीर्षातली पहिली खरी थंड सकाळ आली की माझ्या आधी माझ्या पोटऱ्या जाग्या होतात. डोळे अजून मिटलेलेच असतात, गोधडी नाकापर्यंत ओढलेली असते, आणि खाली दोन्ही पायांत काहीतरी चाळवायला लागतं. दावणीला बांधलेला गोऱ्हा जसा उगाच खुरं आपटतो तसं. बायको झोपेतच म्हणते, "लागले का तुमचे पाय बोलायला?"

आज तेच झालं. धुळ्यातल्या घराची खिडकी उघडली तर पांझरेकडून गार वारा आला आणि त्या वाऱ्यात ओल्या मातीचा वास होता. सत्तरी कधीच ओलांडलेला मी, निवृत्त मास्तर, कानटोपी घालून तिथंच खिडकीत उभा राहिलो आणि मनानं पाटावर जाऊन पोचलो. पाटाच्या काठावरचं दवानं भिजलेलं गवत, त्यावर अनवाणी पाय, पूर्वेला नुकतीच दिसलेली सूर्याची कड, आणि मागं, अगदी टाचेच्या मागं, खळखळत येणारं पाणी!

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी गावाहून जाऊन-येऊन धुळ्याच्या कॉलेजात शिकत होतो, दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आबा, म्हणजे माझे वडील, सही करायचे ती अक्षरं मोजून, जशी काही प्रत्येक अक्षराला वेगळी वाट करून द्यायची आहे. पण आबांना पाणी वाचता यायचं. ते आमच्या गावचे पाटकरी होते.

पांझरेकाठच्या गावांना हे सांगावं लागत नाही, पण इतरांना सांगायला हवं. आमच्याकडे नदीवर जुना दगडी बंधारा होता आणि त्यातून निघालेला पाट तीन मैल वाहत आमच्या फडावर यायचा. फड म्हणजे साऱ्या गावाच्या शेतांचा एक सलग पट्टा. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा इथं ऊस, तर पलीकडच्या फडात हरभरा. पाणी कुणी आपल्या हातानं आपल्या शेतात घ्यायचं नाही. ते काम बारेकऱ्यांचं. आणि बंधाऱ्यापासून फडापर्यंत पाणी सुखरूप आणायचं ते पाटकऱ्याचं.

या वाटेत एक मेख होती. पाटाच्या पहिल्या दोन मैलांत वरच्या गावाची पाच तोंडं होती, म्हणजे त्यांच्या शेतांकडे पाणी फुटायच्या पाच जागा. एक दिवस पाणी त्यांचं, एक दिवस आमचं. आमच्या दिवशी ती तोंडं मातीनं बंद करायची. पण सूर्य दिसायच्या आत त्यांना हात लावायचा नाही, असा दोन गावांचा वाडवडिलांपासूनचा बोल होता. म्हणून आबा आधी काय करायचे, तर सूर्य उगवला की पाटाच्या दारातली एकच फळी उचलायचे. पाणी आळसावल्यासारखं निघायचं. त्याच्या पुढं आबा खांद्यावर फावडं टाकून चालत जायचे, एकेक तोंड बांधायचे. यात अर्धी सकाळ जायची. तेवढ्या वेळात फडाच्या वाट्याचं निम्मं पाणी बंधाऱ्यातच बसून राहायचं.

आता माझ्या पळण्याचं सांगतो. कॉलेजच्या जिमखान्याच्या सरांनी पहिल्या वर्षी सगळ्यांना मैदानाला चकरा मारायला लावल्या, आणि बाकीचे थांबले तरी मी थांबलो नाही. मला थांबायचं असतं हे सुचलंच नाही. सरांनी हात धरून थांबवलं आणि विचारलं, "कुठल्या गावचा तू?" त्या प्रश्नानं माझं आयुष्य एका बाजूला वळलं. मोठ्या लोकांना असे प्रश्न रोज कुणीतरी विचारतं. मला तोवर कुणी विचारला नव्हता. त्या माणसाचं ऋण माझ्यावर अजून आहे.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात जळगावला कॉलेजा-कॉलेजांची लांब पल्ल्याची शर्यत होती, क्रॉस कंट्री. सरांनी माझं नाव टाकलं. आणि मी गावात पळायला सुरुवात केली.

आमच्या गावात माणूस विनाकारण पळत नसे. आमच्या बारेकऱ्यांचे मुकादम नाना होते, पांढऱ्या मिशांचे, जीभ विळ्यासारखी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वाटेत अडवलं.

"काय रे हिरामन, कोन मरनं?"

"कोनी नही, नाना."

"मंग बैल सुटना का?"

"नही."

"मंग कसाले पयस रे भो?"

"असाच."

"असाच?" नानांनी तंबाखूची चिमूट हवेतच धरली. "माले साठ वरीस व्हयनात. असाच मी कधी खोकलनू बी नही!"

हसत हसत ही गोष्ट गावभर झाली. बाया विहिरीवर म्हणायच्या, पाटकऱ्याचा पोरगा कॉलेजात जाऊन पळायला शिकला. मला हसू यायचं आणि लाजही वाटायची. कारण त्यांच्या हसण्यात एक खरी गोष्ट होती. घरी आबांना कामाला माणूस हवा होता, आणि मी घामाचे घडे पाण्यात नाही, मातीत नाही, नुसते हवेत ओतत होतो. त्या हिवाळ्यात माझ्यापुढं तेवढाच एक प्रश्न होता. पाट राखून मला पळता येईल का? की एक सोडावं लागेल?

एका पहाटे उत्तर सापडल्यासारखं वाटलं. बंधाऱ्यावर आबांच्या शेजारी उभा होतो. थंडीनं दोघांच्याही तोंडातून वाफा निघत होत्या. आबांनी एक फळी धरली. मी म्हणालो, "आबा, बठ्ठ्या फया उचला. मी पुढे जास, तोंडं बांधत."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "पानी तुनासाठे थांबाव नही, हिरामन."

"मी बी थांबाव नही."

सूर्याची कड दिसली. आबांनी चारही फळ्या उचलल्या!

काय सांगू तो आवाज. एखादं जनावर लोळत लोळत उठावं तसं पाणी उठलं आणि पाटात उतरलं, आणि मी फावडं घेऊन सुटलो. पाण्याचं तोंड कसं असतं ते पाटावर राहिलेल्यांनाच माहीत. पुढं फेस, फेसापुढं वाळलेली पानं, काड्या, एखादा गोंधळलेला बेडूक, आणि कोरड्या मातीचा चर्र असा श्वास. मी पळायचो, तोंडाशी पोचलो की माती ओढायचो, पायानं थापायचो, आणि तेवढ्यात पाणी मला गाठायचं. मग पुन्हा पळ. पाच वेळा मी थांबायचो, पाणी एकदाही थांबत नसे. शेवटचा एक मैल मोकळा. तिथं मी असा सुटायचो की दोन्ही बाजूंचा ऊस नुसता हिरवा पट्टा दिसायचा. फडावर पोचून पाणी आल्याची आरोळी ठोकायचो, "उनं! पानी उनं!" आणि नाना आणि त्यांचे बारेकरी कंबरा कसत उठायचे.

पहिल्या दिवशी नाना नुसते फावडं घेऊन वाफ्यांत उतरले. दुसऱ्या पाळीला त्यांनी सूर्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज ते दोन वाफा जास्ती व्हतीन." त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे हार घालण्यासारखंच होतं.

मी हवेत तरंगत होतो. मायनं रोज पहाटे भिजवलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा हातावर ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर ठेचा, आणि कधी वांग्याचं भरीत. कॉलेजात सर म्हणायचे, "अंडी खा." माय म्हणायची, "अंडा खावाथून पयाई जास ते कोंबडी काबंर उडत नही?"

एक खोड मात्र लागली. मैदानावर पळताना मी सारखी मान डावीकडे वळवून मागं बघायचो. सर शिट्टी मारून ओरडायचे, "अरे, कोण लागलंय तुझ्या मागं?"

"सर, पाणी."

"तहान लागली? आत्ताच?"

आता मागं वळून पाहतो तेव्हा त्या वयाचं मला कौतुक वाटतं आणि थोडी भीतीही. एकदा वाटायला लागलं की आपण सगळं करू शकतो, की माणूस सगळंच करायला घेतो. सरांचा नियम होता, रोज सहा मैल, खाडा नाही. म्हणून संध्याकाळी मैदान. सकाळी पाट. ज्या दिवशी पाणी वरच्या गावाचं, त्याही दिवशी मी पाटावर पळायचो, पाणी मागं नसताना. रविवारी उसाची बांधणी. अर्थशास्त्राच्या तासाला मागणी आणि पुरवठा यांच्या मधल्या जागेत मला गाढ झोप लागायची. आणि एक दिवस उजव्या नडगीच्या हाडावर बोट ठेवलं तर डोळ्यांपुढं चांदण्या आल्या.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर दोनांतलं एक जाईल, या भीतीनं. नडगीला मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची, वर पायजमा. पंधरा दिवस मी त्या पट्टीवर पळालो.

सोळाव्या दिवशी आमची पाळी होती. धुकं दाट होतं, गवत बर्फासारखं. तिसरं तोंड बांधलं आणि उठायला गेलो तर पाय माझा राहिलाच नव्हता. खाली बसलो. म्हटलं, दहा श्वास. पाणी शेजारून निघून गेलं, अगदी शांतपणे, ओळख न दाखवता. चौथं आणि पाचवं तोंड उघडं होतं. पलीकडं वरच्या गावाचा हरभरा निळ्या-जांभळ्या फुलांवर आलेला. फुलोऱ्यातल्या हरभऱ्याला नको तेव्हा पाणी बसलं की तो पिवळा पडतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मी लंगडत पोचलो तोवर सरीसरीत आभाळ दिसत होतं.

दुपारी चावडीत वरच्या गावचे सात-आठ जण आले. आवाज चढले. "तुना पोऱ्यानी आमना हरभरा पानीमा घाला!"

आबा उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चूक मनी शे," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "पाट मना शे, पोऱ्या बी मनाच शे."

ठरलं असं की आमच्या दोन पाळ्या वरच्या गावानं घ्यायच्या. म्हणजे आमच्या फडावरचा सगळ्यांचा ऊस तेवढे दिवस कोरडा. आणि पुन्हा पूर्वीसारखी एकच फळी उचलायची, पोरानं पाटावर यायचं नाही. नाना उठता उठता म्हणाले, "कॉलेजवाला पोऱ्या पयना, आनि तहान ऊसले लागनी!" लोक हसले. यावेळी मला हसू आलं नाही. पंचवीस-तीस घरांच्या उसाची तहान माझ्या त्या दहा श्वासांत होती.

घरी आल्यावर आबा ओट्यावर बसले. "पाय दखाड."

"काय नही, आबा."

"दखाड म्हनस ना."

पट्टी सोडली. आबांनी अंगठ्यानं हळूच दाबलं, जमीन दाबून पाहतात तसं. मी ओठ चावला. "कधीथून दुखस?"

"पंधरा दिन व्हयनात."

"आनि तू पयतच ऱ्हायना?"

"सर सांगतस, रोज पयनं पाहिजे."

सर चुकतात असं आबा म्हणाले नाहीत. शिकलेल्या माणसाविषयी त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही. सकाळी मात्र ते मला आमच्या विहिरीवरच्या बिघाभर वावरात घेऊन गेले. उशिरा गहू पेरायचा म्हणून आदल्या दिवशीच ते ओलवलं होतं.

"टाक पाय."

पाय घोट्यापर्यंत गेला. काढला तर चिखलाचा एक जडशीळ जोडा पायाला.

"आते पांभर घालू का आठे, गहू पेराले?"

"नही, आबा."

"काबंर?"

"वाफसा नही."

धुरकट उजेडात आबा अगदी सहज म्हणाले, "मंग आंगले वाफसा नको का?"

मी त्यानंतर पदवी घेतली, तीस वर्षं शिकवलं, आरोग्यावरची पुस्तकं वाचली. या एका वाक्याच्या पलीकडे मी फारसा गेलेलो नाही. जमिनीला पाणी द्यायचं आणि लगेच तिच्यावर चालायचं नाही. ओलीत पाय टाकला तर चिखल, फार उशीर केला तर ढेकूळ. मधे एक दिवस येतो, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि सोडली तर सुटते. त्या दिवसासाठी शेतकरी थांबतो आणि थांबताना तो आळशी नसतो. मी मात्र रोज स्वतःला भिजवत होतो आणि रोज त्याच चिखलात औत घालत होतो. माझा नातू हल्ली धावायला जातो, मनगटावर घड्याळ असतं, ते त्याला आज विश्रांती घे म्हणून सांगतं. तो म्हणतो, "आजोबा, याला रिकव्हरी म्हणतात." मी म्हणतो, बरोबर आहे बाबा.

सरांना सांगायला मी घाबरत गेलो. वाटलं, नाव काढून टाकतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचा गुडघा पुढं करून चोळायला लागले. "मला माझ्या सरांनी रोज पळवलं," ते म्हणाले. "हा त्यातच गेला. तुझ्या वडिलांना सांग, मला पटलं. दहा दिवस काही नाही. मग एक दिवसाआड." मैदानाच्या मधोमध मी त्यांच्या पाया पडलो. ते संकोचले, इकडंतिकडं बघायला लागले.

ते दहा दिवस! मला वाटलं होतं शिक्षा असेल. पण मी झोपलो, असा झोपलो की मायनं दोनदा नाकाशी हात धरून पाहिलं. जागा झालो तर भूक लागलेली. अर्थशास्त्राच्या तासाला मला चक्क समजायला लागलं. पळताना जो ऊस नुसता हिरवा पट्टा दिसायचा त्यात पाखरांची घरटी होती. गुऱ्हाळ सुरू झालं होतं, उकळत्या रसाचा वास दुपारभर गावावर पसरलेला असायचा, आणि मी कढईच्या काठावर बसून गरम काकवीत भाकरी बुडवून खात पुस्तक वाचायचो. अंगात काहीतरी हळूहळू साठत होतं. हरभऱ्याचं मात्र मनात टोचत राहायचं. एका सकाळी मी एकटाच वरच्या गावात जाऊन आलो. ज्याचं शेत होतं तो म्हातारा म्हणाला, "अर्धा वाचना. तुना पाय वाचना का?" मी हो म्हणालो. त्यानं मूठभर हिरवा हरभरा माझ्या खिशात कोंबला.

अकराव्या दिवशी नडगी दाबली. चांदण्या नाहीत. आबांनी स्वतः दाबून पाहिली आणि चावडीत जाऊन नानांना म्हणाले, "दोन फया उचलस. पोऱ्या पुढे ऱ्हाई."

"आनि बसना ते?"

"बसना ते मी पाट सोडस."

नानांनी मिशी चोळली. म्हणाले, "दोनच. तिसरी उचलनी ते मी येस दारवर."

पुन्हा ती पहाट, ते दव. दोन फळ्यांचं पाणी, मग आठवड्यानं तीन, आणि नाना दारावर आले नाहीत. पाणी आमचं त्या दिवशी पाय माझे; पाणी वरच्या गावाचं त्या दिवशी पाय जमिनीचे. असं आबांनीच ठरवून दिलं. एक दिवस थांबल्यामुळे दुसऱ्या दिवशी पळायला जी ओढ लागायची ती मी आधी कधी अनुभवली नव्हती. पाचवं तोंड बांधून सुटलो की मला स्वतःला हसू यायचं, मोठ्यानं, एकट्याला.

आणि मग शर्यतीची तारीख आली. पाहिलं तर आमच्याच पाळीचा दिवस.

फडावर नानांनीच विषय काढला. "पोऱ्या जयगावले गया ते पाट कोन राखी?"

"मी शे ना," आबा म्हणाले.

"तू दारवर ऱ्हासी. पुढे कोन पयी?"

"एकच फयी उचलसू, चालत जासू. पयले बी करतच व्हतू ना."

फडाचं निम्मं पाणी एका दिवसासाठी सोडायला आबा तयार झाले होते, आणि नाना नाही म्हणाले नाहीत. मी उसाकडे तोंड केलं.

आदल्या दिवशीच एस.टी.नं पारोळा, एरंडोल करत सरांबरोबर आम्ही जळगावला गेलो. सरांनी मला कॅनव्हासचे बूट दिले होते, एक माप मोठे; पुढं कापूस कोंबला. खानदेशात कापसाला काय तोटा! पळायची वाट शहराबाहेर असोदा गावाच्या अंगाला, केळीच्या बागांतून जाऊन परत यायची. साठ मुलं, साठ तऱ्हांच्या चड्ड्या, थंडीत एकमेकांच्या दंडाला घासणारे दंड. शिट्टी झाली आणि सगळे असे उधळले की मी मागंच राहिलो. पण मला माहीत होतं, पहिल्या तोंडापर्यंत घाई करायची नसते. केळीच्या पानांवरून दव टपटपत होतं, मोठाली फाटकी पानं वाऱ्यात पटपट वाजत होती, आणि मी एकेकाला मागं टाकत होतो. विसावा. पंधरावा. दहावा. नडगी गप्प होती. छातीत भाता चालावा तसा दम, आणि पायांत ते साठलेलं सगळं! चौथा झालो.

आणि तिथं माझ्या हातून जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. एका बागेचा पाण्याचा दांड फुटला होता. पाणी वाटेवर येऊन वाया चाललं होतं. मी पाहिलं मात्र, आणि माझे पाय थांबले. मी ठरवलं नाही, पायांनी ठरवलं. वाकलो, दोन्ही हातांनी माती ओढली, नव्या बुटानं थापली. तेवढ्यात दोघं शेजारून गेले.

बागेतून एक म्हातारा बोंब मारत आला, "अरे पय रे भो, पय! पानी मी पाह्यतो!"

मी पळालो. चिखलानं माखलेल्या हातांनी असा पळालो की त्या दोघांतल्या एकाला शेवटच्या वळणावर गाठलं. सर दोरीपाशी नाचत होते, खरोखर नाचत होते, गुडघा विसरून. मी पाचवा आलो. पहिल्या सहांची पुढच्या शर्यतीसाठी निवड होती! सरांनी माझे हात पाहिले आणि विचारलं, "पडलास कुठं?" मी खरं सांगितलं. ते हसता हसता रस्त्याच्या कडेला बसले.

संध्याकाळच्या एस.टी.नं गावात उतरलो आणि घरापर्यंत पळतच गेलो. ओट्यावर नाना बसले होते. आबा भिंतीला टेकून, धोतर गुडघ्यापर्यंत, दोन्ही पाय गरम पाण्याच्या घमेल्यात.

"आबा!" मी घाबरलो. "काय व्हयनं?"

नानांना बोलायची घाई झाली होती. "अरे, मी फडवर उभा. म्हनं आज पानी दुपारले ई. देखस ते काय, धोतर खोचेल, पागोटं काखमा, फावडं खांदावर, आनि हाऊ मानूस पयी ऱ्हायना! माले वाटनं कोनी मरनं. मांगे देखस ते पानी, पाट भरीसन!"

मी आबांकडे पाहिलं. "बठ्ठ्या फया?"

आबा जरा लाजले. "एक उचली. मंग दुसरी. मंग वाटनं, देखूत तरी, पोऱ्या काय करस ते." मग सरळ बसून म्हणाले, "तू कितवा?"

"पाचवा. निवड व्हयनी, आबा."

"कितला जन व्हतात?"

"साठ."

आबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मी दुसरा."

"दोनमाईन दुसरा!" नाना ओरडले. "पयलं पानी!"

हसण्यातही मला हरभरा आठवला. "आनि तोंडं?"

"चार यानी बांधी. पाचवावर दोन मानसं मी सकायपासून बसाडी ठेवेल व्हतात," नाना म्हणाले. "याना भरवसा कोन धरी?"

माय आतून तापलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बठ्ठं घर पयनं आज," ती म्हणाली. "मी एकलीच बशेल ऱ्हायनू. सरका, पोऱ्याले पाय ठेवू द्या." तिनं घमेल्यात पाणी ओतलं. आबांनी पाय बाजूला घेतले. मी शेजारी बसलो आणि माझे पाय त्यांच्या पायांशेजारी सोडले. पाणी असं गरम होतं की दोघांच्याही तोंडून एकदमच आवाज निघाला.

थोड्या वेळानं आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमना सर दम कसा धराले सांगतस? मना ते तिसरा तोंडलेच सरना."

आबांनी मला काही विचारण्याची ती पहिली वेळ होती. मी सांगितलं, नाकानं घ्यायचा, तोंडानं सोडायचा, चार पावलांना एक. आबांनी तोंड मिटलं, नाकानं लांब श्वास घेतला, आणि घमेल्यात त्यांच्या पायाचे अंगठे आळीपाळीनं हलायला लागले. एक, दोन, तीन, चार.